पाऊल पाहून टाकावे : रानवाट, आरोग्य आणि ईर्यासमिती

गेवराई तालुक्यातील उमापूर, चकलांबा, तलवाडा, मादळमोही या पट्ट्यात रस्ते दोन प्रकारचे आहेत. एक डांबरी. त्यावरून एस.टी. येते, मालाचे टेम्पो येतात, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात. दुसरी पाणंद. दोन शेतांच्या मधून जाणारी, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेली, दोन्ही बाजूंनी बाभळी-बोरी आणि मधे गवताची पट्टी असलेली. गावातील व्यापारी कुटुंबांचे बहुतेक सारे आयुष्य पहिल्या रस्त्यालगत जाते. दुकान त्यावर, घर दुकानाच्या मागे किंवा माडीवर, आणि बाहेरगावी जायचे तर दाराशी मोटार. पाणंदीशी संबंध उरला असेल तर तो एखाद्या उधारीच्या वसुलीपुरता.

आजोबांच्या पिढीचे असे नव्हते. आठवडी बाजार करीत या गावाहून त्या गावाला जाणारा व्यापारी बैलगाडीने जाई, घोड्यावरून जाई आणि पुष्कळदा पायीच जाई. पाठीवर गाठोडे, हातात काठी आणि पायाखाली हीच पाणंद. त्या पिढीला व्यायाम हा शब्द फारसा ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. गाठोडे गेले, चालणे गेले, गादी मात्र राहिली.

आता हीच मागे पडलेली वाट एका नव्या नावाने चर्चेत आली आहे. डोंगरवाटा, पायवाटा, जंगलातील वा शेतातील कच्चे रस्ते यांवरून धावण्याला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. साध्या मराठीत रानवाटेवरचे धावणे. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडून धावणारे हौशी धावपटू आहेत. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने होणारी हिल हाफ मॅरेथॉन रस्त्यावरची असली, तरी डोंगरात धावण्याची गोडी तिने हजारो सामान्य माणसांना लावली. या बातम्या वाचून हे काम शहरातील तरुणांचे आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या लोकांचे, अशी समजूत होते. वास्तविक या धावण्याला किल्ला लागत नाही. उमापूरची पाणंद पुरते. व्यापारी समाजाला या वाटेची गरज का आहे आणि अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या श्रावकाने तिच्यावर पाऊल टाकावे का, हे दोन प्रश्न मात्र विचार करण्याजोगे आहेत.

गादीची व्याधी

बसून काम करणाऱ्या माणसाचे हृदय लवकर थकते, हे पहिल्यांदा ठामपणे दाखविले गेले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांमध्ये. डॉ. जेरेमी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या आरोग्याची तुलना केली. दोघेही एकाच थरातले, एकाच गाडीत, एकाच हवेत काम करणारे. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढे-उतरे. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होते. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही तोच फरक आढळला.

कोणत्याही आडत दुकानात अथवा किराणा दुकानात हे दृश्य आजही दिसते. पोती उचलणारा हमाल आणि माल काढून देणारा मुलगा हे कंडक्टर. गल्ल्यावर बसलेले शेठजी हे ड्रायव्हर. सकाळी नऊला गादीवर बसलेला माणूस रात्री दुकान वाढवूनच उठतो. मधल्या वेळेत त्याचा हात चालतो, जीभ चालते, डोके चालते. पाय चालत नाहीत. मॉरिस स्वतः या संशोधनातून जे शिकले ते त्यांनी आचरणात आणले. लंडनमधील हॅम्पस्टेड हीथ या रानवजा माळावर ते धावू लागले, त्या काळी लोकांना ते विचित्र वाटे. 1910 साली जन्मलेले मॉरिस 2009 साली, शंभरी अगदी जवळ आली असताना निवर्तले.

जैन घरांत एक समज खोलवर रुजला आहे : मांसाहार नाही, मद्य नाही, म्हणजे आरोग्य आपोआप राहील. शाकाहाराचे मोल मोठे आहेच. परंतु दालबाटीवर ओतलेले तूप, सणावारांची मिठाई, पंगतीतला आग्रह आणि रात्रीच्या भोजनाचा हळूहळू सैल होत गेलेला नियम यांचा हिशेब शाकाहार भरून देत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असून आणखी 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यात बसून काम करणारा व्यापारी अपवाद ठरेल, असे मानायला काही आधार नाही. दुकानातील मालाची मोजदाद दरसाल होते, वह्यांचा ताळा दिवाळीला पाहिला जातो. ज्या शरीराच्या भांडवलावर पेढी उभी आहे त्याचा ताळा मात्र बहुधा रुग्णालयाच्या खाटेवर मांडला जातो.

मांडव्याची पायवाट

बीड जिल्ह्याच्या मातीत धावणारे पाय घडतात, हे सांगण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. आष्टी तालुक्यातील मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. 13 सप्टेंबर 1994 रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर, वाहनाची सोय नाही. मूल कधी चालत, कधी धावत शाळेला जाई. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचेनची हिमनदी, राजस्थानचे वाळवंट, सिक्कीमचे डोंगर अशी सेवा झाली. धावण्याची सुरुवात त्यांनी 2015 साली केली तीही स्टेडियममधील आखीव धावपट्टीवर नव्हे, तर सैन्यातील क्रॉस कंट्री स्पर्धेत, म्हणजे माळरान आणि कच्च्या वाटांवरून.

पुढे त्यांनी निवडलेली 3000 मीटर स्टीपलचेस ही शर्यतसुद्धा मुळात रानातलीच आहे. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे आणि ओढे ओलांडत जाण्याच्या जुन्या आयरिश प्रथेतून ती आली. आजही या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे पार करावे लागतात. 2018 साली साबळे यांनी गोपाल सैनी यांचा 37 वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण हुकले ते अवघ्या 0.05 सेकंदाने. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी, अशी त्यांची वाटचाल आहे.

गादीवरच्या माणसाने साबळे यांच्यासारखे धावावे, असे कोणी म्हणणार नाही. घेण्यासारखा बोध वेगळा आहे. ज्या पायवाटेला दारिद्र्याची आणि गैरसोयीची खूण समजले जाते, तिनेच या धावपटूची पहिली तालीम करून घेतली. त्याच जिल्ह्यातील सुखवस्तू घरांची मुले शाळेच्या दारापर्यंत वाहनाने जातात आणि पन्नाशीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या, दिवसभर रानात राबणाऱ्या माणसाला धावण्याचा उपदेश करण्याची गरज नाही. ज्याचे श्रम वाहनांनी आणि नोकरांनी उचलून नेले, त्याला ते परत मिळवावे लागतात.

चालणाऱ्यांचा धर्म

एका अर्थाने जैन परंपरा ही चालणाऱ्यांची परंपरा आहे. साधू-साध्वी वाहन वापरत नाहीत. वर्षातील आठ महिने त्यांचा पायी विहार चालतो. नगर-बीड भागातील स्थानकवासी कुटुंबांना ज्यांचे नाव घरच्यासारखे वाटते ते आचार्य आनंदऋषीजी याच परिसरातले. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेल्या आनंदऋषीजींनी बालवयात दीक्षा घेतली, दीर्घ विहार केला आणि 1992 साली देह ठेवला.

श्रावकांच्या तीर्थयात्राही पायांचीच परीक्षा घेतात. सम्मेद शिखरजीची संपूर्ण वंदना 27 किलोमीटरची मानली जाते : नऊ चढाचे, नऊ पर्वतावरील टोकांचे आणि नऊ उताराचे. शहरांत मोठ्या कौतुकाने होणारी हाफ मॅरेथॉन 21 किलोमीटरची असते, हे लक्षात घेतले म्हणजे साठी ओलांडलेल्या, अनवाणी, उपाशीपोटी शिखरजी करून आलेल्या आजीबाईंचा पराक्रम कळतो. पालिताण्याच्या शत्रुंजयावर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत आणि नव्वाणू यात्रा करणारे श्रावक त्या पुन्हा पुन्हा चढतात. नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगीचा चढही असाच दमछाक करणारा. बीडच्या शेजारी, बालाघाटाच्या रांगेत कुंथलगिरी आहे. देशभूषण आणि कुलभूषण मुनींचे हे निर्वाणक्षेत्र. 18 सप्टेंबर 1955 रोजी आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला तो येथेच. आज तेथे जाणाऱ्या अनेकांना डोंगराइतकीच पायथ्याच्या पेढ्याचीही आठवण राहते.

तीर्थे डोंगरांवर आहेत ही योगायोगाची गोष्ट नसावी. चढताना श्वास वाढतो, बोलणे आपोआप थांबते, पायाखालचा दगड पाहावा लागतो आणि मन एका जागी येते. वर्षातून एकदा चार दिवस मिळणारा हा अनुभव घरच्या वाटेवर आठवड्यातून चार वेळा मिळू शकतो.

समाजात ही जाणीव अलीकडे वाढलीही आहे. 2 एप्रिल 2023 रोजी जितो या संस्थेच्या पुढाकाराने देशातील अनेक शहरांत आणि परदेशातही एकाच दिवशी ‘अहिंसा रन’ झाली. हजारो जैन कुटुंबे बूट घालून रस्त्यावर आली. धावणे आणि अहिंसा हे दोन शब्द तेथे शेजारी शेजारी आले, आणि नेमका तेथेच एक जुना प्रश्न उभा राहतो.

आक्षेप आणि उत्तर

घरातील एखादे जाणते आजोबा विचारतील : कारण नसताना रानातून धावत सुटणे, ही प्रमादचर्या नव्हे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंड-विरमण व्रत आहे. निष्कारण हिंसा घडेल असे वर्तन टाळणे, हे त्याचे सार. विनाकारण जमीन उकरणे, पाने तोडणे, भटकणे या गोष्टी त्यात वर्ज्य मानल्या आहेत. धावणाऱ्या पायाखाली मुंगी येते, गोगलगाय येते, गवत तुडवले जाते. मग डांबरी रस्ता किंवा घरातील यंत्राचा चालता पट्टा बरा, असे कोणी म्हणेल.

उत्तराचा धागा सामायिकाच्या आरंभीच सापडतो. श्वेतांबर घरांत सामायिकापूर्वी इरियावहिया सूत्र म्हटले जाते. दिगंबर परंपरेत ईर्यापथशुद्धी आहे. जाता-येता आपल्या पायांनी कोणकोणत्या जीवांना पीडा झाली असेल, त्याची त्यात आठवण करून क्षमा मागितली जाते. त्या यादीत बीज आहे, हिरवळ आहे, दव आहे, मुंग्यांची वारुळे आहेत, शेवाळ आहे, ओली माती आहे आणि कोळ्याचे जाळेही आहे. शतकानुशतके हे सूत्र म्हणणारे साधू आणि श्रावक याच वाटांनी चालत होते. जे पायाखाली दिसत होते तेच सूत्रात आले. आज फरशीवर आसन टाकून तेच सूत्र म्हणणाऱ्या कित्येकांनी महिनोन्‌महिने दव पाहिलेले नसते. ओठांवर वारूळ आहे; डोळ्यांसमोर नाही. कार्तिकातल्या सकाळी उमापूरच्या पाणंदीवर जो जाईल त्याला ही सारी यादी शंभर पावलांत भेटते : गवताच्या पात्यावर दव, दोन काट्यांच्या मधे ताणलेले जाळे, बांधाच्या कडेला मुंग्यांची रांग.

पाच समितींमध्ये पहिली ईर्यासमिती. साधू पुढची साडेतीन-चार हात जमीन न्याहाळत, सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने पाऊल टाकतात. धावणाऱ्या गृहस्थाला साधूइतकी ईर्यासमिती पाळता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. साधूचे महाव्रत असते, गृहस्थाचे अणुव्रत. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची असते आणि आरंभी, उद्योगी हिंसा यतनेने कमी करायची असते. धर्माराधनेचे साधन म्हणून शरीर नीट ठेवणे हे निष्कारण कृत्य नव्हे. पण ते कसे करायचे याला मर्यादा आहे. ज्या वेगात पायाखालची मुंगी दिसत नाही तो वेग श्रावकाचा नव्हे. दिसेनासे झाले की धावणे थांबवून चालावे.

रानवाटेवर धावण्याचे तंत्र शिकविणारेही जवळजवळ हेच सांगतात. नजर काही पावले पुढे, पाऊल लहान, टाच आदळायची नाही, उतारावर आवर, शंका आली की चाल. डांबरावर आणि यंत्राच्या पट्ट्यावर न पाहता धावता येते, म्हणून तेथे कानात गाणी लागतात. रानवाट पाहिल्यावाचून पाय टाकू देत नाही. खडा, ढेकूळ, चाकोरी आणि काटा ही तिची शिस्त आहे. व्यायामाचे स्थान म्हणून ती अवघड आहे, पण यतनेचा अभ्यास म्हणून तिच्याइतकी सोयीची जागा नाही.

मनाचे रवंथ

व्यापाऱ्याचे शरीर गादीवर स्थिर असते, मन मात्र क्षणभर स्थिर नसते. पाऊस लांबला तर खतबियाण्याची उधारी बुडेल का, कापसाचा भाव उद्या काय राहील, मोबाइलवर माल मागविणारे गिऱ्हाईक परत येईल का, पुण्याला स्थायिक झालेला मुलगा पेढीवर बसेल का. दुकान बंद झाले तरी हे विचार बंद होत नाहीत. जनावर एकदा खाल्लेला चारा पुन्हा पुन्हा चघळते, तसे माणूस चिंतेचे रवंथ करतो. जैन शास्त्रात याला आर्तध्यान म्हटले आहे.

या रवंथावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. काही माणसांना दीड तास गवत आणि झाडे असलेल्या मोकळ्या भागातून चालविले, इतरांना तितकाच वेळ रहदारीच्या मोठ्या रस्त्याने. चालणे दोघांचेही सारखेच. मोकळ्या भागातून आलेल्यांनी चिंतेची पुनरावृत्ती कमी झाल्याचे सांगितले आणि मेंदूच्या ज्या भागाचा या रवंथाशी संबंध आहे तेथील हालचालही कमी झाल्याचे आढळले. रस्त्याने चाललेल्यांत हा बदल दिसला नाही. 2019 साली एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवरून असे दाखविले, की आठवड्यातून किमान 120 मिनिटे निसर्गात घालविणाऱ्यांमध्ये उत्तम आरोग्य आणि समाधान असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. ही वेळ एकदम घालविली काय किंवा तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नव्हता.

यामागे गूढ काही नाही. पायाखाली पाहणाऱ्या माणसाला त्याच वेळी वसुलीचा विचार करता येत नाही. केला तर ठेच लागते. मन रिकामे करण्याचा प्रयत्न बहुतेकांना साधत नाही. मन पावलावर ठेवणे मात्र साधते. तेवढा वेळ चिंतेला जागा मिळत नाही आणि परत आल्यावर तीच चिंता पूर्वीच्याच आकाराची वाटत नाही. उधारी काही कमी झालेली नसते, परंतु तिच्याविषयी सकाळी घेतलेला निर्णय रात्री दीड वाजता अंथरुणात घेतलेल्या निर्णयापेक्षा बहुधा शहाणपणाचा असतो. मात्र सतत उदासी, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असतील तर केवळ धावण्यावर विसंबू नये. मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस व्यायाम करावा. जैन घरांत काळाचे एक माप तयारच आहे. सामायिक दोन घटिकांचे, म्हणजे 48 मिनिटांचे. आठवड्यातून चार वेळा 48 मिनिटे रानवाटेवर घालविली तर 192 मिनिटे होतात. नवकारसीचे पच्चक्खाण करणाऱ्यांनाही हे माप सोयीचे. सूर्योदयाला निघावे आणि 48 मिनिटांनी घरी येऊन पाणी घ्यावे. हातावरच्या रेषा नीट दिसू लागल्याखेरीज बाहेर पडू नये. त्यात जीवदयाही आहे आणि स्वतःची सुरक्षितताही. सामायिकाच्या जागी हा वेळ घालायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकाराची घराण्यात परंपरा असलेल्यांनी, आरंभापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावू नये. स्नायू रक्तातील साखर वेगाने उचलतात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा व्यक्तीने आपले पच्चक्खाण आणि व्यायामाची वेळ डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांशीही बोलून ठरवावी. उपवासाच्या, आयंबिलच्या दिवशी धावणे नको. सावकाश चालणे पुरे. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घेरी यांपैकी काही जाणवले तर तेथेच थांबावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पहिले दोन महिने धावण्याचे नावच काढू नये. आधी चालावे. मग दोन मिनिटे चालणे, एक मिनिट हलके धावणे असा क्रम ठेवावा. सोबतच्याशी बोलता येते आहे तोवर वेग योग्य. वाक्य तुटू लागले की वेग जास्त. बूट कापडी, जाड आणि खाचदार तळाचे घ्यावेत, चामड्याचे नकोत. बाभळीचा काटा पातळ तळातून आरपार जातो, हे या भागात कोणाला सांगायला नको. शेताभोवती रानडुकरांसाठी लावलेल्या तारांना हात लावू नये, कोणाच्या उभ्या पिकातून जाऊ नये, बांध ज्याचा आहे त्याला ओळख द्यावी. आष्टी-पाथर्डीच्या बाजूला बिबट्याचा वावर आढळला आहे, म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा दोघे-तिघे बरे. उन्हाळ्यात मराठवाड्याचे ऊन सकाळी आठलाच तापते. त्या दिवसांत 48 ऐवजी एका घटिकेवर, 24 मिनिटांवर यावे.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवितात, कारण जमीन जीवांनी भरलेली असते. श्रावकानेही त्या चार महिन्यांत गवताची वाट सोडावी. काळी माती तशीही बुटाला किलो-किलोने चिकटते. साप बाहेर पडतात. या काळात घराच्या गच्चीवर, जिन्यावर, स्थानकाच्या आवारात चालावे, सूर्यनमस्कार आणि आसने करावीत. आठ महिने वाट आणि चार महिने विराम, हे वेळापत्रक परंपरेनेच आखून दिलेले आहे.

घरातील स्त्रियांचा विचार येथे सर्वांत अधिक व्हायला हवा. दुकानातला पुरुष निदान दुकानापर्यंत जातो. एकत्र कुटुंबातील सून स्वयंपाकघर, देवघर आणि माडी यांतच दिवस काढते. सकाळची ती 48 मिनिटे नेमकी चहा-नाश्त्याची आणि डब्यांची असतात. सासूबाईंनी आठवड्यातून चार दिवस चूल सांभाळली, किंवा घरातील पुरुषांनी स्वतःचा चहा स्वतः केला, तर हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. चार-पाच जणींनी मिळून जावे, म्हणजे सुरक्षितताही राहते आणि गावाची नजरही लवकर सरावते.

किलोमीटरांचा परिग्रह

एक सावधगिरी अखेरीस सांगितली पाहिजे. व्यापारी मनाला मोजण्याची सवय असते. आज तीन किलोमीटर, उद्या पाच, मग दहा. मग महागडे घड्याळ, मग पदक, मग मोबाइलवर सर्वांना दाखविण्याचा सोस. पैशाचा लोभ सुटायला निघालेला माणूस किलोमीटरांचा परिग्रह करून बसतो, आणि गुडघे दुखावतात ते याच टप्प्यावर. श्रावकाच्या दिक्परिमाण व्रतात कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा स्वतःच घालून घ्यायची असते. तीच कल्पना येथे उपयोगी पडते. वाट ठरवावी, अंतर ठरवावे आणि मन भरले नाही तरी तेथून परतावे.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. त्या सुमारास वाटा वाळलेल्या असतात, कापसाची वेचणी चालू असते, हवा थंड असते आणि दिवाळीची गर्दी ओसरलेली असते. विहारात साध्वीजींना मोठ्या रस्त्यांवरील भरधाव वाहनांचा धोका असतो. म्हणून अनेक ठिकाणी तरुणांचे विहारसेवा गट पहाटे त्यांच्यासोबत पुढच्या गावापर्यंत चालत जातात. उमापूर असो वा दुसरे कोणते गाव, ज्यांना सुरुवात कोठून करावी हे सुचत नाही, त्यांनी यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या विहारात सामील व्हावे. ओघ्याने जागा पुसून बसणाऱ्या, खाली पाहून पाऊल टाकणाऱ्या त्या साध्वीजींच्या मागून, त्यांच्याच गतीने, दहा-बारा किलोमीटर चालावे. कसे चालायचे हे तेवढ्यात कळते. धावण्याचे त्यानंतर पाहता येईल.